जपानी पदव्या आणि दर्जे मराठीत लिहिताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वृत्तपत्रांत, पुस्तकांत आणि हल्ली मालिकांच्या मराठी पाट्यांतही जपानी समाजातले दर्जे तीन-चार ठरीव साच्यांत बसवले जातात. सामुराई म्हणजे क्षत्रिय, दाइम्यो म्हणजे जहागीरदार, बुराकुमिन म्हणजे जपानचे दलित, आणि जे यात बसत नाहीत ते सगळे सरदार. वाचकाला चटकन काहीतरी समजल्यासारखे वाटते, पण ते बहुधा चुकीचे असते. जपानी भाषेत दर्जा सांगणारे शब्द एकाच शिडीच्या पायऱ्या नाहीत. दरबाराची उतरंड वेगळी, योद्ध्यांची वेगळी, 1884 नंतरच्या उमरावांची वेगळी, आजच्या राजघराण्याची आणि कंपन्यांची आणखी वेगळी. शब्द समोर आला की तो कोणत्या काळातला आणि हा दर्जा दिला कोणी, हे आधी पाहावे लागते. अनुवादाचे आणि शिकवण्याचे काम करताना ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांविषयी हे पत्र.

सर्वांत रुळलेला घोटाळा ‘शि-नो-को-शो’ या चार अक्षरांचा. योद्धे, शेतकरी, कारागीर, व्यापारी असा तो क्रम. आपल्याकडे चातुर्वर्ण्य प्रत्येकाच्या ओळखीचे, त्यामुळे ‘जपानमधील चार वर्ण’ असा मथळा हातून आपोआप लिहिला जातो. मुळात हा शब्दसमूह प्राचीन चिनी ग्रंथांतला, आणि त्याचा रोख ‘सगळी प्रजा’ एवढाच. चीनमध्ये ‘शि’ म्हणजे शिकलेला अधिकारीवर्ग; जपानने ते अक्षर योद्ध्यांना लावले. तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) काळात, म्हणजे 1603 ते 1867 या अडीचशेवर वर्षांत, प्रत्यक्ष विभागणी होती ती राज्य करणारे बुशी (योद्धे), खेड्यात नोंदलेले ह्याकुशो आणि शहरात नोंदलेले चोनिन अशी. यांतल्या शेवटच्या दोघांत कायद्याने वरखाली काही नव्हते. फरक होता तो नोंद कुठे आहे आणि कर कसा भरायचा याचा. गावातला सुतार, किनाऱ्यावरचा कोळी, साके (तांदळाची दारू) गाळणारा हे सगळे नोंदवहीत ह्याकुशोच. म्हणून ह्याकुशो दिसला की ‘शेतकरी’ लिहिणेही दरवेळी बरोबर नाही. ‘रयत’ हा आपला जुना शब्द त्याला जास्त जवळचा. जपानच्या शालेय पाठ्यपुस्तकांतून चार पायऱ्यांचा तो त्रिकोण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काढला गेला आहे. मराठीत मात्र तो अजून ठाण मांडून आहे. शिवाय त्या चार अक्षरांत क्योतोतल्या सम्राटाचे दरबारी उमराव नाहीत, भिक्षू-पुजारी नाहीत आणि एता-हिनिन म्हणून बाहेर ठेवलेले लोकही नाहीत.

म्हणजे दर्जा सैल होता, असे मात्र नव्हे. कपडे कोणते घालायचे, दोन तलवारी कोणी लावायच्या, आडनाव उघडपणे कोणी वापरायचे, गुन्ह्याला शिक्षा कोणती, हे सगळे ‘मिबुन’, म्हणजे दर्जा, ठरवत असे. पण मिबुन घराला चिकटलेले असे आणि घरात दत्तक किंवा घरजावई येऊ शके. गोकेनिन म्हणजे शोगुनचे खालच्या दर्जाचे थेट चाकर; अशा घराण्याचे स्थान तर दत्तकाच्या आडून पैसे मोजून विकत घेतले जाई, आणि त्याला व्यवहारात नावही होते: गोकेनिन-काबु. ‘काबु’ हाच शब्द आज शेअर बाजारातल्या समभागाला वापरतात. अशा व्यवस्थेला ‘वर्ण’ म्हटले की वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. आजच्या जपानीत मिबुन रोज दिसतो तो ‘मिबुन शोमेइशो’ म्हणजे ओळखपत्र या शब्दात. तिथे त्याचा जन्माशी काही संबंध उरलेला नाही.

आता दाइम्यो आणि सामुराई. इथे तांदळाचा हिशेब समजल्याशिवाय शब्द समजत नाही. ‘कोकु’ हे धान्याचे माप आहे, जमिनीचे नव्हे. 1 कोकु म्हणजे 1,000 गो, सुमारे 180 लिटर, वजनात साधारण 150 किलो तांदूळ; एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, असा ढोबळ अंदाज. ज्याला थेट शोगुनकडून 10,000 किंवा त्याहून जास्त कोकुंचा प्रदेश मिळालेला तो दाइम्यो. त्याखालचे शोगुनचे थेट चाकर दोन प्रकारचे: ज्याला शोगुनसमोर हजर राहण्याचा हक्क तो हातामोतो, ज्याला नाही तो गोकेनिन. ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. कागा प्रांताच्या माएदा घराण्याच्या पदरी होंदा नावाचे कारभारी होते, त्यांचे उत्पन्न 50,000 कोकु, म्हणजे कित्येक दाइम्योंपेक्षा जास्त. तरी ते दाइम्यो नव्हेत, कारण त्यांचा धनी शोगुन नसून माएदा.

दाइम्योला ‘जहागीरदार’ म्हणण्यापेक्षा ‘संस्थानिक’ म्हणणे बरे. त्याचे स्वतःचे सैन्य होते, करवसुली होती, न्यायनिवाडा होता. पण किल्ल्याची डागडुजी आणि घरातले लग्न यांनाही शोगुनची परवानगी लागे. 1635 पासून एक वर्ष एदो (आजचे तोक्यो) शहरात आणि एक वर्ष आपल्या मुलखात, असे आळीपाळीने राहावे लागे, आणि बायको व वारस कायम एदोत ओलीस ठेवल्यासारखे. शोगुनची मर्जी फिरली तर प्रदेश बदलून दुसरीकडे पाठवत, त्याला कुनिगाए म्हणत. काढूनच घेतला तर काइएकी. सांगली-औंधच्या वाचकाला यातले बरेचसे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आकडा वाचतानाही लोक फसतात. कोकुचा आकडा म्हणजे जमिनीच्या एकूण पिकाचा सरकारी अंदाज, मालकाच्या हातात पडणारे उत्पन्न नव्हे. पिकातला 40 टक्के भाग मालकाला आणि 60 टक्के कसणाऱ्याला, असे एक प्रमाण रूढ होते, कुठे निम्मे-निम्मे. तेव्हा ‘200 कोकु पगार’ असे भाषांतर केले की माणूस एकदम अडीचपट श्रीमंत होतो. त्याच्या घरात येत साधारण 80 कोकु.

आणि बहुतेक सामुराईंकडे तर जमीनच नसे. एदोच्या नगर-न्यायाधीशाच्या कचेरीतला दोशिन घ्या. पोलीसकथांत हमखास भेटणारा हा शिपाईवजा अधिकारी. त्याचे वेतन लिहिले जाई ‘30 पोती आणि 2 माणसांचा शिधा’. सरकारी पोते 0.35 कोकुचे, म्हणजे 30 पोती झाली साडेदहा कोकु. एका माणसाचा शिधा दिवसाला 5 गो; दोघांचा 10 गो, वर्षाला सुमारे 3.6 कोकु. एकूण 14 कोकु, म्हणजे जवळपास 2,100 किलो तांदूळ. यात घर चालवायचे, तलवारी आणि पोशाख सांभाळायचे आणि हाताखालच्या खबऱ्यांनाही खूश ठेवायचे. या माणसाला मराठीत ‘सरदार’ म्हणणे ही थट्टा झाली. सामुराई हा शब्द ‘सेवेत हजर राहणे’ या क्रियापदावरून आला आहे, आणि दोशिनच्या बाबतीत तो अगदी चपखल बसतो: धान्यात पगार घेणारा चाकर.

पदव्यांचा फसवेपणा यापुढचा. ओओका एचिझेन-नो-कामी या नावाचा शब्दशः अर्थ ‘एचिझेन प्रांताचा सुभेदार ओओका’. हा गृहस्थ 1717 मध्ये एदोचा नगर-न्यायाधीश झाला. एचिझेनच्या कारभाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अशा पदव्या क्योतोच्या दरबाराच्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेतल्या. योद्ध्यांना त्या नुसत्या मान म्हणून मिळत. यातही एक गंमत आहे. कोझुके, काझुसा आणि हिताची या तीन प्रांतांचे सुभेदारपद राजपुत्रांसाठी राखीव होते. त्यामुळे तिथली पदवी हवी असेल तर ‘कामी’ नव्हे, एक पायरी खालची ‘सुके’च मिळे. 47 रोनिनांच्या, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंच्या, प्रसिद्ध सूडात मारला गेलेला किरा हा ‘कोझुके-नो-सुके’ होता. त्याचे भाषांतर ‘उपसुभेदार’ केले तर तो कोणाचा तरी दुय्यम अधिकारी वाटतो. अशा ठिकाणी पदवीचे भाषांतर न करता ती नावाचा भाग म्हणून तशीच ठेवावी.

सोळाव्या शतकात सगळा जपान एका अंमलाखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीला ‘शोगुन’ म्हणणे हीदेखील त्याच जातीची चूक. तो कधीच शोगुन झाला नाही. 1585 मध्ये तो कांपाकु झाला, ही सम्राटाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याची दरबारी पदवी. 1591 मध्ये ती पुतण्याला देऊन तो ताइको, म्हणजे निवृत्त कांपाकु, झाला. त्याच्या हाती सत्ता मोठी होती, पण शिडी दरबाराची.

दरबारी श्रेणी तर अजून जिवंत आहेत. 701 च्या ताइहो संहितेत त्या 30 होत्या, 1887 मध्ये 16 केल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जिवंत माणसाला श्रेणी देणे थांबले, पण मरणोत्तर आजही देतात. 2022 मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाल्यावर त्यांना ‘जु-इचि-इ’ ही श्रेणी मिळाली. ती पहिल्या श्रेणीतली कनिष्ठ पायरी. ज्येष्ठ पायरी ‘शो-इचि-इ’. हा पुरस्कारही नव्हे, पदकही नव्हे. पदक त्यांना वेगळे मिळाले.

शोगुनांच्या जागी आलेल्या मेइजी सरकारने 1869 पासून सगळी खाती नव्याने मांडली. दाइम्यो आणि दरबारी उमराव मिळून ‘काझोकु’, सामुराई ‘शिझोकु’, बाकीचे ‘हेइमिन’. हेइमिनांना 1870 मध्ये आडनाव वापरण्याची मुभा मिळाली आणि 1875 मध्ये ते सक्तीचे झाले. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली, आणि त्याच वर्षी सामुराईंचे वंशपरंपरागत तनखे बंद करून त्याबदली सरकारी रोखे देण्यात आले. त्यानंतर शिझोकु हे नोंदवहीतले नुसते अक्षर राहिले. ‘1900 साली एका सामुराई कुटुंबात जन्म’ असे चरित्रांत लिहिलेले असते, ते ‘माजी सामुराई कुटुंबात’ असे हवे.

1884 मध्ये काझोकुंच्या पाच श्रेणी केल्या: कोशाकु, कोशाकु, हाकुशाकु, शिशाकु, दानशाकु. पहिले नाव दोनदा छापले गेलेले नाही. ड्यूक आणि मार्क्विस यांना समांतर अशा पहिल्या दोन श्रेणींचा उच्चार जपानीतही एकच आहे, अक्षर तेवढे वेगळे. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी 1884 मध्ये हाकुशाकु झाले, 1895 मध्ये कोशाकु झाले आणि 1907 मध्ये पुन्हा कोशाकु झाले. दोन्ही बढत्या खऱ्या. त्यातून पहिल्या श्रेणीला इंग्रजीत ‘प्रिन्स’ म्हणण्याची जुनी रीत आहे. इंग्रजीवरून मराठीत आलेल्या मजकुरात त्यामुळे इतो ‘राजपुत्र’ होऊन बसतात. त्यांचा जन्म चोशू प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला होता. पुढे वडील एका पायदळी शिपायाच्या घरात दत्तक गेले, म्हणून मुलगा योद्ध्यांत मोजला गेला. मराठीत ‘पहिल्या श्रेणीचे उमराव’, ‘दुसऱ्या श्रेणीचे उमराव’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. 10,000 येनच्या नव्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे ते उद्योगपती शिबुसावा एइइचि असेच ह्याकुशो घरातून आलेले: 1900 मध्ये पाचव्या श्रेणीचे आणि 1920 मध्ये चौथ्या श्रेणीचे उमराव. 3 मे 1947 रोजी नवी राज्यघटना लागू झाली आणि तिच्या 14 व्या कलमाने ही संपूर्ण व्यवस्था संपली. त्यानंतरच्या कोणाही जपानी माणसामागे ‘बॅरन’ लावू नये.

बुराकुमिनांविषयी लिहिताना अचूकपणाइतकीच जबाबदारीही असते. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे, तुरुंग आणि फाशीच्या जागी राबणे अशा कामांशी जोडलेल्या लोकांना तोकुगावा काळात एता आणि हिनिन म्हणत; आजचे बुराकुमिन बहुधा त्यांचेच वंशज. पहिल्याचा अर्थ ‘फार विटाळलेला’, दुसऱ्याचा ‘माणूस नसलेला’. 1871 च्या हुकुमाने ही नावे रद्द झाली. त्याबरोबर कातड्याच्या धंद्यातली त्यांची मक्तेदारीही गेली, भेदभाव मात्र राहिला. 1872 च्या नोंदवह्यांत काही ठिकाणी त्यांच्यापुढे ‘नवे हेइमिन’ असे लिहिले गेले. या नोंदवह्या 1968 पासून कोणालाही पाहू देत नाहीत. 3 मार्च 1922 रोजी क्योतोत सुइहेइशा ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि तिच्या घोषणापत्रात एता हा शब्द लाज म्हणून नव्हे तर अभिमानाने वापरलेला आहे.

आपल्याकडच्या दलित चळवळीशी याचे नाते सांगायला हरकत नाही. ‘जपानचे दलित’ म्हणून विषय संपवायला आहे. तिथे धर्म, भाषा, चेहरा, आडनाव यांवरून माणूस ओळखू येत नाही. ओळख पटते ती पत्त्यावरून आणि घराण्याच्या मूळ नोंदीच्या गावावरून. 1975 मध्ये अशा वस्त्यांच्या नावांच्या छापील याद्या उघडकीस आल्या. नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी कंपन्यांनी त्या विकत घेतल्या होत्या. आज तशाच याद्या इंटरनेटवर टाकल्या जातात, आणि 2016 च्या बुराकु भेदभाव निर्मूलन कायद्यामागे हेही एक कारण होते. बुराकु याचा साधा अर्थ ‘वाडी’, आणि जपानच्या काही भागांत तो अजून त्याच अर्थाने बोलला जातो. म्हणून जपानी लेखक ‘हिसाबेत्सु बुराकु’, म्हणजे भेदभाव सोसणारी वाडी, असे पूर्ण लिहितात. मराठीत ‘बुराकु समाज’ पुरे. एता, हिनिन हे शब्द फक्त इतिहास सांगताना वापरावेत. आणि बातमीत विशिष्ट वस्तीचे नाव देण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे जरूर पाहावे.

राजघराण्याच्या बातम्यांत चुका जास्त, कारण त्या घाईत लिहिल्या जातात. 30 एप्रिल 2019 रोजी सम्राट अकिहितो पायउतार झाले. त्यांची पदवी ‘जोको’. ‘माजी सम्राट’पेक्षा ‘निवृत्त सम्राट’ बरे. आजच्या सम्राटांचे धाकटे भाऊ अकिशिनो हे ‘कोशी’ आहेत, ‘कोताइशी’ नव्हेत. वारस सम्राटाचा मुलगा असेल तरच तो कोताइशी, आणि अकिशिनो भाऊ आहेत. त्यांना ‘युवराज’ न म्हणता ‘सिंहासनाचे पहिले वारस’ म्हणावे. सगळ्यांत मोठा सापळा ‘ज्यो-ओ’ या शब्दाचा. शब्दकोशात त्याचा अर्थ राणी. पण 1947 च्या राजघराणे कायद्यात सम्राटाची मुलगी आणि मुलाकडून नात यांना ‘नाइशिन्नो’, आणि त्यापुढच्या पिढीतल्या मुलींना ‘ज्यो-ओ’ म्हणतात. ताकामादो शाखेच्या मुली सम्राट ताइशो यांच्या पणत्या, म्हणून ज्यो-ओ. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्या बेधडक ‘राणी’ होतात. अकिशिनोंच्या कन्या माको यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये सामान्य नागरिकाशी लग्न केले तेव्हा त्या नाइशिन्नो राहिल्या नाहीत. त्यानंतरच्या बातम्यांत ‘राजकन्या’ लिहायचे तर आधी ‘माजी’ हवे.

आजच्या वर्गभेदाचे शब्द वेगळ्याच घडणीचे आहेत. वर्गसंघर्षातला वर्ग ‘काइक्यू’, पण लष्करातला हुद्दाही काइक्यूच. लोक स्वतः बोलतात ते ‘काकुसा’, म्हणजे दरी किंवा तफावत. 1970 च्या दशकात ‘दहा कोटी लोक, सगळे मध्यमवर्गीय’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग गाजला आणि त्याला सरकारी पाहणीचा आधार दिला जाई: सुमारे 90 टक्के लोक स्वतःला मध्यम समजतात. ती पाहणी पाहिली तर उत्तराचे पर्याय पाच आहेत: वरचा, मध्यमांतला वरचा, मध्यमांतला मधला, मध्यमांतला खालचा, आणि खालचा. पाचांपैकी तीन मध्यम. यात 90 टक्क्यांचे आश्चर्य ते काय? अलीकडे तरुणांच्या तोंडी ‘ओया-गाचा’ आहे. नाणे टाकून खेळण्याची पुडी काढावी तसे आईबाप नशिबाने मिळतात, असा त्याचा रोख. ‘नारिकिन’ मात्र जुना: जपानी बुद्धिबळात प्यादे पुढे जाऊन ‘सोने’ होते, त्यावरून हे नाव, आणि पहिल्या महायुद्धात एकाएकी गब्बर झालेल्यांना ते सर्रास लावले गेले. ‘नवश्रीमंत’ त्याला छान चालतो.

शेवटी कंपन्या. चाकण, तळेगाव, सुपे या पट्ट्यांत जपानी कारखाने आहेत आणि दुभाषी म्हणून काम करणारी मराठी मुले-मुली पुष्कळ. त्यांच्या हातून होणारी नेहमीची चूक आपल्या ‘साहेब’मधून येते. पाहुण्यांसमोरही आपण ‘आमचे पाटील साहेब’च म्हणतो. जपानीत घरच्या माणसाचा मान बाहेरच्यापुढे उतरवून सांगतात. कार्यालयात विभागप्रमुख (बुचो) तानाका ‘तानाका-बुचो’ असतात, पण ग्राहकासमोर त्यांच्याच हाताखालचा माणूस नुसते ‘तानाका’ म्हणतो. तिथे मानाचा ‘सान’ लावून ‘पाटील-सान’ म्हटले की ग्राहकाच्या कानाला खटकते. बुचो, काचो (बुचोच्या हाताखालचा शाखाप्रमुख) हे हुद्दे आडनावामागे लावले की मान त्यातच आला. वर ‘सान’ जोडायचे नाही. ‘शुनिन’ या शब्दाच्या अक्षरांत ‘मुख्य’ आहे म्हणून त्याला मुख्याधिकारी करू नये. तो नुकता एक पायरी चढलेला कर्मचारी असतो. श्रमांची दखल घेताना वरिष्ठांना ‘गोकुरोसामा’ म्हणू नये, तो शब्द वरून खाली जातो, ‘ओत्सुकारेसामा’ चालतो.

करारासाठी मेइशी, म्हणजे भेटपत्र, वाचताना ‘शाचो’ (कंपनीचा अध्यक्ष) या शब्दावर थांबू नका. शाचो हे कंपनीने दिलेले पद; कंपनीच्या वतीने सही करण्याचा कायदेशीर अधिकार ‘दाइह्यो तोरिशिमारियाकु’ (प्रतिनिधी संचालक) याला असतो. बहुधा दोन्ही एकाच माणसाकडे असतात, पण नेहमीच नाही. ‘शिक्को याकुइन’ (कार्यकारी अधिकारी) तर कार्डावर मोठा दिसतो, तो संचालक मंडळावर असेलच असे नाही. मराठीत त्याला ‘संचालक’ लिहिले तर करारातला पक्ष चुकतो, आणि मग मसुदा कायदा विभागाकडून परत येतो.

आपले,
जपानी भाषेचे काही अनुवादक व अध्यापक, पुणे